भाऊजींची ट्यूब

दर रविवारी सकाळी नऊ वाजता भाऊजींचा फोटो काढायचा, मुलाला पाठवायचा आणि खाली लिहायचं, "बरं आहे." वायरमनचं मुलाशी एवढंच बोलणं उरलं होतं. चौदा महिन्यांत तो एकही रविवार चुकला नव्हता.

भाऊजी म्हणजे माणूस नव्हे. भाऊजी म्हणजे इग्वाना, पाच फूट लांबीचा हिरवा सरडा, पाठीवर काट्यांची रांग आणि गळ्याखाली सैल कातडीची पिशवी. मुलगा कॉलेजात असताना तो घरात आला तेव्हा तळहातावर मावत होता. दुकानदाराने "फार वाढत नाही" असं सांगितलं होतं. दुकानदार काय, वाटेल ते सांगतात. चार वर्षांत त्याच्यासाठी मुलाच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट रिकामं करावं लागलं. वायरमनने त्या कपाटाला काच बसवली, आत झाडाच्या दोन जाड फांद्या आडव्या ठोकल्या आणि छताला दोन दिवे लावले. एक ऊब देणारा गोल दिवा आणि एक लांब ट्यूब.

नाव ठेवलं वायरमनच्या बायकोने. मुलाने कुठून तरी एक लांबलचक परदेशी नाव शोधून आणलं होतं, ते कुणाच्या जिभेवर बसेना. ती म्हणाली, "आयतं खायचं, उंचावर बसून सगळ्यांवर नजर ठेवायची, काडी इकडची तिकडे करायची नाही आणि जायचं नाव काढायचं नाही. हे तर माझे भाऊजी." वायरमनला खरोखरचा धाकटा भाऊ होता आणि तो नुकताच वर्षभर त्यांच्याकडे राहून गेला होता. त्यामुळे हसावं की रागवावं हे वायरमनला क्षणभर कळलं नाही. शेवटी हसला. तिच्यापुढे नेहमी हसण्यावरच यायचं.

मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला तेव्हा भाऊजी तिच्याकडे आले. रोज सकाळी ती त्याला पाला चिरून द्यायची, भोपळ्याचा कीस, जास्वंदीची पानं. दुपारी अंगावर पाण्याचा फवारा मारायची. सरडा अंगातलं जास्तीचं मीठ नाकातून शिंकायचा, काचेवर पांढरे ठिपके पडायचे, आणि ती ते पुसता पुसता म्हणायची, "भाऊजी, सर्दी झाली की काय?" वायरमन दारात उभा राहून बघायचा. त्याचा त्या जनावराशी संबंध दिव्यांपुरता होता.

मग ती आजारी पडली. हे आता सरळ सांगून टाकायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ती सात महिने आजारी होती आणि त्या सात महिन्यांत वायरमन दर रविवारी मुलाला फोनवर "बरं आहे सगळं" असं सांगत राहिला. तिनेच तसं सांगितलं होतं. पोराची नवी नोकरी, उगाच जीव टांगणीला लागेल त्याचा. वायरमनलाही ते सोयीचं वाटलं. ती चालत होती, फिरत होती, स्वयंपाकघरात उभी राहत होती. जे चालू आहे त्याला काही झालेलं नाही, असं त्याचं आयुष्यभराचं गणित होतं. मुलगा आला तेव्हा घरात फक्त वायरमन आणि भाऊजी होते.

"कधीपासून होतं हे?" मुलाने विचारलं होतं.

"अचानकच झालं रे," वायरमन म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याची फाइल खणात उलटी ठेवलेली सापडली. वायरमन कधीच फाइल उलटी ठेवत नसे. पहिल्याच पानावर सात महिन्यांपूर्वीची तारीख होती. मुलाने ती वाचली होती, हे उघड होतं. दोघांनी मूग गिळले. आठवडाभर मुलाने एकच काम केलं. कपाट धुतलं, नवी ट्यूब बसवली, आणखी एक ट्यूब खोक्यासकट कपाटामागे उभी करून ठेवली आणि दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला. पालक द्यायचा नाही. फवारा दोनदा. आठवड्याला टबात अंघोळ. ट्यूब दर सहा महिन्यांनी बदलायची, चालू असली तरी. बॅग उचलताना म्हणाला, "रविवारी याचा फोटो पाठवत जा," आणि गेला.

तेव्हापासून वायरमनचं असं झालं होतं की त्याला काही होतच नव्हतं. लोक म्हणाले रडून घ्या, मोकळं व्हाल. रडू आलं नाही. लोक म्हणाले वेळ जाईल तसं सरेल. सरण्यासारखं काही सापडेना. सकाळी उठायचं, पाला चिरायचा, आपलं चहाचं भांडं आणि भाऊजींचं ताट एकाच पाण्याने विसळायचं, कामावर जायचं, यायचं, फवारा मारायचा, ऊब देणारा दिवा बंद करायचा, झोपायचं. जेवणाला चव नव्हती असं म्हणायला चव तपासावी लागते. तो तीही तपासत नव्हता.

काम मात्र चोख होतं. शहरातल्या एका मोठ्या कॉलेजात तो एकतीस वर्षं वायरमन होता. तिथे सहाशे बारा ट्यूबा होत्या आणि त्यांतली एकही त्याच्या परवानगीशिवाय विझत नसे, असं तिथले प्राध्यापक म्हणत. त्याची एक पद्धत होती. वर्गातली ट्यूब थकली की ती फेकायची नाही. तिची बदली व्हरांड्यात. व्हरांड्यात फडफडायला लागली की जिन्याखाली. जिन्याखाली टोकं काळी पडली की भांडारात, जिथे वर्षातून चारदा कुणी जातं. तिथे ती पूर्ण विझेपर्यंत राहायची, आणि मगच वायरमन तिला खाली उतरवायचा. नव्या पोरांनी कधी पेटती ट्यूब काढली तर त्याचं डोकं फिरायचं. "चालू दिवा उतरवायचा नाही," तो म्हणायचा. "जित्या माणसाला खांदा देतोस काय?"

अशा माणसाने ती सूचना वाचली, चालू असली तरी, आणि मनातल्या मनात ती खोडून टाकली. विकणाऱ्यांचे धंदे असतात, दुसरं काय. सहा महिन्यांनी मुलाचा निरोप आला, "ट्यूब बदलली का?" वायरमनने कपाटात बघितलं. ट्यूब स्वच्छ पांढरी पेटत होती, टोकं कोरी, फडफड नाही, आवाज नाही. त्याने लिहिलं, "बदलली." त्यात खोटं बोलण्याचा मोठा विचार वगैरे नव्हता. समजावत बसायचं तर चार वाक्यं लिहावी लागली असती, आणि चार वाक्यं म्हणजे संभाषण झालं असतं. बाराव्या महिन्यात परत तोच प्रश्न आला, परत तेच उत्तर गेलं. नवी ट्यूब खोक्यात उभी होती. जुनी गेली की बसवू, घाई काय आहे.

गेल्या दोन महिन्यांत भाऊजींचं काहीतरी बिनसलं. आधी पुढच्या पायाची बोटं थरथरायला लागली. मग वरच्या फांदीवर जाणं थांबलं. नऊ वर्षं जो प्राणी घरातल्या सगळ्यांच्या डोक्यावर बसला तो कपाटाच्या तळाशी बसायला लागला. मग जबडा भरल्यासारखा झाला, दोन्ही बाजूंनी फुगीर, आणि तोंड हसरं दिसायला लागलं. वायरमनने हे सगळं पाहिलं. नाही पाहिलं असं नाही. पाहून कानाडोळा केला, वय झालं असेल म्हणाला. पण रविवारी फोटो काढताना मात्र तो स्टुलावर चढायचा आणि वरून काढायचा. वरून जबडा दिसत नाही, पाठ तेवढी दिसते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शनिवारी सुट्टी होती. सकाळी पाल्याचं ताट आत ठेवायला त्याने दार उघडलं तर भाऊजी आडवे पडले होते. खालची फांदी जमिनीपासून वीतभर उंच. तिच्यावर चढायला गेले असतील आणि पडले असतील. मागचा एक पाय भलत्याच दिशेला वळला होता. वायरमन खाली बसला. सरड्याने एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं आणि मिटला.

एवढ्या मोठ्या जनावराला न्यायचं कशातून? बायकोची धुण्याची टोपली मोरीत उलटी पडली होती. तिच्यात जुनी चादर घातली, भाऊजींना दोन्ही हातांवर उचलून आत ठेवलं, शेपटी बाहेर राहिली. अंघोळीच्या टबात तो आपणच उतरायचा; असं उचलून वायरमनने त्याला नऊ वर्षांत पहिल्यांदाच धरलं होतं. वजन त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कमी निघालं. बसमध्ये शेजारच्या सीटवरची बाई उठून पुढे गेली. कंडक्टरने टोपलीत डोकावलं, शेपटीकडे पाहिलं, आणि तिकीट एकच फाडलं.

प्राण्यांच्या दवाखान्यात दोन कुत्री होती आणि एक मांजर होतं. तिन्ही गप्प झाली. डॉक्टर तरुण मुलगी होती, केस वर बांधलेले, हातांवर ओरखड्यांच्या जुन्या खुणा. तिने भाऊजींना टेबलावर घेतलं, अंगठ्याने जबडा हलकेच दाबला. मग एक्स-रे काढला. पडद्यावर लावून म्हणाली, "काका, इकडे बघा. हाड पांढरं दिसायला पाहिजे. याचं दिसतच नाहीये. सगळं पुसट झालंय."

"पडल्यामुळे?"

"उलट आहे. हाडं मऊ झाली म्हणून पडला. जबडा दाबून बघा, रबरासारखा लागतो. घरात दिवा कुठला आहे?"

"ट्यूब आहे. या प्राण्यांची असते तीच. चांगली चालू आहे."

"कधी बसवली?"

वायरमनने मनात मोजलं. मोजायची गरज नव्हती, ती तारीख त्याला झोपेतही सांगता आली असती. "चौदा महिने झाले," तो म्हणाला. "पण चालू आहे. मी वायरमन आहे, डॉक्टर. एकतीस वर्षं हेच करतोय. टोकंसुद्धा काळी पडलेली नाहीत."

डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "काका, ट्यूब पेटते. उजेड देते. पण याला उजेड नको असतो, त्यातले अतिनील किरण लागतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. सहा-आठ महिन्यांत संपतात आणि ट्यूब मात्र पेटत राहते. बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक चाललंय. त्या किरणांशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर स्वतःचीच हाडं खायला लागतं."

"बघून कळत नाही?"

"बघून नाही कळत. म्हणून तारीख लिहून ठेवतात."

वायरमन खुर्चीवर बसला. त्याला वाटलं होतं की आपल्याला आता काही लागत नाही, कुठूनही काही आत येत नाही. हे आलं. कागदावर लिहिलं होतं, अक्षर सुवाच्य होतं, नवी ट्यूब हातभर अंतरावर उभी होती. आणि एकतीस वर्षांचा अनुभव छातीशी धरून त्याने एका मुक्या जनावराला महिनोन्‌महिने विझलेल्या दिव्याखाली बसवून ठेवलं होतं. आणि तिला? तीही पेटतीच होती की. शेवटच्या आठवड्यापर्यंत भांडी घासत होती.

डॉक्टरने कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, पाय बांधला, तोंडात घालायचं औषध आणि सुई नसलेली पिचकारी दिली. पंधरा दिवस जपा म्हणाली. "जगेल?" वायरमनने विचारलं. "उशीर झालाय," ती म्हणाली. "पण खातोय अजून. खातोय तोवर मी नाही म्हणणार नाही. जबडा मात्र असाच राहील."

घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा जुनी ट्यूब उतरवली. पेटती उतरवली. ती हाताला कोमट लागत होती. नवी बसवली, तिच्या टोकाला चिकटपट्टी लावून तारीख लिहिली. दोन्हींच्या उजेडात काडीचा फरक दिसला नाही. तो बराच वेळ बघत राहिला.

रविवारी नऊ वाजता त्याने फोन हातात घेतला. भाऊजी तळाशी चादरीवर पडले होते, पायाला पट्टी, ओठाच्या कडेला औषधाचा पांढरा ओघळ. स्टूल कोपऱ्यात होतं. तो स्टुलावर चढला नाही. जमिनीवर बसून समोरून फोटो काढला. खाली लिहायला गेला तर फोननेच अक्षरांच्या वर शब्द पुढे केले, "बरं आहे." एवढ्या वेळा लिहिलं होतं की यंत्रालाही ते पाठ झालं होतं. अंगठा तिथे टेकणारच होता. त्याने काहीच न लिहिता फोटो पाठवला आणि फोन लावला.

मुलाने तिसऱ्या घंटेला उचलला. "बाबा?"

"फोटो बघितलास?"

"बघतोय."

"ट्यूब बदलली नव्हती मी. दोन्ही वेळा खोटं लिहिलं. तू बसवलेलीच कालपर्यंत होती. त्याची हाडं मऊ झालीयेत, पाय मोडलाय. डॉक्टर म्हणते जगेल की नाही सांगता येत नाही." एवढं बोलून वायरमन थांबला. पलीकडून शिव्या आल्या असत्या तर त्याने त्या घेतल्या असत्या. फोन बंद झाला असता तर तेही समजून घेतलं असतं, आणि मग रविवार उरले नसते. ह्याचीच त्याला भीती होती, दुसरी कशाची नाही.

"मला माहीत होतं," मुलगा म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"दोन महिने झाले, तुम्ही वरून फोटो काढताय. आणि तो खाली बसलेला असतो. भाऊजी कधी खाली बसतात का, बाबा? बोटं वाकडी झालेली वरूनसुद्धा दिसतात."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सांगता का ते बघत होतो."

वायरमनचा आवाज चढला आणि तो राग आहे हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. वर्षभरात सवय मोडली होती. "दोन महिने?" तो म्हणाला. "माझी परीक्षा घ्यायची तर घ्यायचीस. माझा पाय मोडायचा होतास. त्या मुक्या जिवाने तुझं काय घोडं मारलं होतं? एक फोन केला असतास तर मी त्याच दिवशी बदलली असती. आज हा असा पडला नसता."

वायरमनने फोन कानापासून दूर धरून पाहिला, चालू होता. भाऊजींनी मान वळवली, एवढंच.

"आईचंही मला दिसत होतं," मुलगा म्हणाला.

वायरमनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"व्हिडिओवर. गाल बसले होते तिचे. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. एकदा ती मला दाखवायला म्हणून भाऊजींना उचलायला गेली आणि नाही उचलता आलं, तर हसली. दिसत होतं मला सगळं. मी तुम्हाला विचारायचो, कसं आहे? तुम्ही म्हणायचात, बरं आहे. आणि मला बरं वाटायचं. तेच ऐकायचं असायचं मला, बाबा. तिकीट काढायला नको, सुट्टी मागायला नको. मग फाइल बघितली आणि सगळं तुमच्यावर ढकललं."

आपला मुलगा आपल्यावर गेला नाही, आईवर गेलाय, असं वायरमन सगळ्यांना सांगत आला होता. आता त्याला वाटलं, नाही, हा माझाच. दिसतंय तेवढं बघायचं आणि उरलेल्याकडे पाठ करायची, हे याला कुणी शिकवावं लागलं नाही. त्याला मुलाची दया आली आणि स्वतःचीही आली. दोन्ही एकदमच आल्या.

"रागवलात?" मुलाने विचारलं.

"हो. तुझ्यावर पण आणि माझ्यावर पण."

"एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

खोलीत ऊब देणारा दिवा बारीक गुणगुणत होता. "शेवटी शेवटी," मुलगा म्हणाला, "दुखायचं का तिला?"

वायरमनच्या जिभेवर उत्तर तयार होतं. नाही रे, शांतपणे गेली. असं सगळेच सांगतात, त्यात काही पाप नाही, ऐकणाऱ्यालाही तेवढाच आधार. त्याने तोंड उघडलं. मग भिंतीला हात लावून तो नीट बसला.

"हो," तो म्हणाला. "खूप दुखायचं. ती तोंडात पदर धरायची, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचो."

पलीकडे मुलगा रडायला लागला, मोठ्याने, लहानपणी रडायचा तसा. वायरमनने त्याला गप्प केलं नाही. त्याचेही डोळे वाहत होते, तरी त्याने फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"आणखी सांगा," मुलगा म्हणाला.